चार पावलांची चूक

मोजणीदारांना चालताना पावलं मोजायची सवय होती. घरापासून कचेरीपर्यंत सहाशे बारा, कोपऱ्यावरच्या ब्रेडच्या दुकानापर्यंत एकशे नव्वद. लग्न झालं त्या आठवड्यात बायकोनं विचारलं, "अहो, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?" त्यांनी हातानंच थांब म्हणून खूण केली, पण व्हायचं ते झालंच, आकडा चुकला. मग हा गृहस्थ नव्या नवरीला रस्त्यात उभी करून परत मागं गेला आणि पहिल्यापासून मोजत आला. त्या दिवशी आपण कुणाच्या पदरात पडलो आहोत हे तिला कळलं.

जमीनमोजणीच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. नाकासमोर चालणारा माणूस. कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत, का तर उद्या शेजारी म्हणायचा, साहेबांनी त्याच्याकडं चहा घेतला आणि रेघ माझ्याकडं सरकवली. निवृत्तीच्या समारंभात वरचे साहेब म्हणाले, "यांची एकही मोजणी चौतीस वर्षांत कधी चुकली नाही." टाळ्या पडल्या. मोजणीदार खाली फरशीकडं बघत राहिले. लोकांना वाटलं, काय विनय आहे.

त्याला आता तीन वर्षं झाली होती. मुलगी गेल्या साली नवऱ्याच्या बदलीमुळं लांबच्या शहरात राहायला गेली, आणि या वसंतात दोघं पहिल्यांदाच गाडीनं तिच्याकडं जाऊन आठ दिवस राहिली. गाडी अर्थातच बायको चालवायची. ती शाळेत शिवण शिकवायची. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिनं गाडी शिकून घेतली आणि पहिल्या फटक्यात परवानाही मिळवला. मोजणीदारांनी एकदाच प्रयत्न केला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी कुठं संपतात ते सांगणाऱ्या माणसाला आपली गाडी कुठं संपते याचा अंदाज शेवटपर्यंत आला नाही. फाटकाचा एक खांब पाडून ते त्या विद्येतून बाहेर पडले. तेव्हापासून ते डावीकडं बसून नकाशा बघायचे आणि ती नकाशाकडं दुर्लक्ष करायची. संसार छान चालला होता.

मुलीकडून ते सकाळी निघाले. मागच्या सीटवर तिनं बांधून दिलेला डबा होता, ब्रेड आणि उकडलेली अंडी, आणि थर्मासमध्ये चहा. शहर मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना शेतं लागली. गहू गुडघ्याएवढा झाला होता, वाऱ्याबरोबर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळत होता. काही वावरं नुकती नांगरलेली, काळी, ओली, आणि नांगरामागं पक्ष्यांची ही झुंबड. मध्येच एखादा ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर यायचा आणि चाकांची माती सांडत मैलभर पुढं चालायचा. बायको त्याच्यामागं शांतपणे पंचवीसच्या वेगानं गाडी ठेवायची. मागचे लोक भोंगे वाजवायचे. ती म्हणायची, "वाजवा. पेरणी त्याची आहे, घाई तुमची."

मोजणीदार मात्र सकाळपासून गप्प होते. नकाशा मांडीवर होता, पण तो उलटा आहे हे बायकोनं केव्हाच पाहिलं होतं.

अकराच्या सुमाराला एक फाटा आला. ते एकदम म्हणाले, "डावीकडं घे."

"डावीकडं कशाला? घर सरळ रस्त्यानं आहे."

"तिकडून शेतं छान दिसतात."

बायकोनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं शेताला कधी छान म्हटलेलं तिला आठवेना. त्यांच्या लेखी शेत लांब असायचं, आखूड असायचं, नाहीतर तिरकं. पुढं काही न बोलता तिनं गाडी डावीकडं घेतली.

जाताना याच रस्त्यानं आले होते ते. मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं, म्हणून सगळी वाहनं इकडून वळवली होती. तेव्हाही ते मध्येच असे गप्प झाले होते, आणि मुलीकडं आठही दिवस पोटात दुखतंय म्हणून अर्धपोटी जेवले होते. पोटात काहीतरी आहे हे बायकोनं ओळखलं होतं. पण नवऱ्याच्या पोटातलं ओठांवर यायला किती वेळ लागतो याचा तिला अनुभव होता. ती वाट बघत होती.

चार मैलांवर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उजव्या हाताला नासपतीची बाग होती आणि बागेच्या कडेनं, पलीकडच्या कुरणाला लागून, झाडांची एक लांबच लांब रांग. सगळी झाडं फुललेली. पानं अजून नीट फुटलीही नव्हती, नुसता पांढरा फुलोरा. पलीकडं कुरणात मेंढ्या चरत होत्या आणि त्यांच्यामधून या वर्षीची कोकरं उगाचच उड्या मारत होती.

"सुंदर आहे," बायको म्हणाली. "आता सांगा."

तिनं थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांच्या हातात दिला. तो हातात तसाच धरून मोजणीदार बोलायला लागले.

एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ते तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. बागेची जमीन एका माणसानं नवीनच घेतली होती. झाडं लावण्याआधी हद्द पक्की करावी, म्हणजे शेजाऱ्याशी पुढं वाकडं यायला नको, म्हणून त्यानंच मोजणी मागवली होती. शेजारी मेंढीवाला. दोघांत भांडण नव्हतं, उलट दोघं मिळून मोजणीदारांना घ्यायला रस्त्यापर्यंत आले होते. आभाळ भरून आलेलं, आठवड्यात आणखी अकरा मोजण्या बाकी. कोपऱ्यावरच्या उंच गवतात त्यांना एक घडीव दगड सापडला. त्याच्यावरून त्यांनी मोजणीची साखळी लावली. मेंढीवाला म्हणाला, "साहेब, हा दगड तो नव्हे. वडिलांनी मला दाखवलेला आणखी पुढं आहे, काट्यांत." मोजणीदार म्हणाले, "दगड ओळखायचा पगार मला मिळतो, तुम्हाला नाही."

"असं म्हणालात?" बायकोनं विचारलं.

"असंच म्हणालो."

पाऊस यायच्या आत मोजणी आटोपली. दोघांनी सह्या केल्या, मेंढीवाल्यानं जरा थांबून केली, पण केली. आणि मग पाच महिन्यांनी, कचेरीत एका जुन्या नकाशाची नक्कल करताना, त्या शेतातल्या विहिरीपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर काही केल्या जुळेना. तेव्हा मोजणीदारांच्या लक्षात आलं. गवतातला तो दगड हद्दीचा नव्हता, कुठल्या तरी जुन्या फाटकाच्या खांबाचं बूड होतं ते. खरी हद्द चार पावलं पुढं होती. चार पावलं रुंद आणि तीनशे पावलं लांब असा मेंढीवाल्याच्या कुरणाचा पट्टा त्यांनी बागवाल्याच्या पदरात टाकला होता.

"मग?"

"मग मी नकाशा गुंडाळला आणि दोरी बांधली. नेहमी एक गाठ मारायचो, त्या दिवशी दोन मारल्या."

त्या महिन्यात त्यांच्या बढतीचा कागद वर गेला होता. बढती झाल्यावर सांगू असं त्यांनी ठरवलं. बढती झाली तोवर पट्ट्यावर झाडं लागली होती. झाडं लागल्यावर सांगणं आणखी अवघड झालं, आणि झाडं काय, दर वर्षी वाढतच गेली.

बायकोनं त्यांच्या हातातला गार झालेला चहा घेतला, खिडकीतून ओतून टाकला आणि म्हणाली, "उतरा."

मेंढीवाल्यांचं घर कुरणाच्या वरच्या अंगाला होतं. अंगणात रबरी बूट घातलेली, पन्नाशीची एक बाई उलट्या बादलीवर बसून एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. दोन अनोळखी माणसं येताना पाहून ती उठली नाही, कोकरू उठू देईना. मोजणीदारांनी नमस्कार केला आणि मेंढीवाले आहेत का म्हणून विचारलं.

"बाबा जाऊन सतरा वर्षं झाली," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी. तुमचं काय काम होतं?"

"मी मोजणीदार. पूर्वी खालच्या बांधाची मोजणी—"

"ओळखलं," ती म्हणाली. "साखळीचं दुसरं टोक मी धरलं होतं."

मोजणीदारांना ती आठवली. वीसएक वर्षांची एक पोर, पावसाच्या भीतीनं डोक्यावर पोतं घेतलेली. धर म्हटलं तिथं टोक धरून ती खांबासारखी उभी राहिली होती. गाडीत बसून जुळवलेली सगळी वाक्यं त्यांच्या डोक्यातून पुसली गेली. ते एवढंच म्हणाले, "ती मोजणी चुकली होती. तुमचे वडील बरोबर होते. मला पाच महिन्यांनी कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही."

बाटलीतलं दूध संपलं. कोकरू रिकामी बाटलीच चोखत राहिलं. बाईंनी ती काढून घेतली, कोकराला आत नेऊन सोडलं, कडी लावली आणि बाहेर येताना कोपऱ्यातलं फावडं उचललं. बायको एक पाऊल पुढं, नवऱ्याच्या आणि फावड्याच्या मध्ये आली.

"दाखवा," मेंढीवाल्यांची मुलगी म्हणाली.

तिघंही बांधानं खाली गेली. रांगेच्या टोकाला तो जुना घडीव दगड अजून होता, त्याच्यावर कुणीतरी चुना मारला होता. मोजणीदार त्याला पाठ लावून उभे राहिले आणि बागेच्या दिशेनं, झाडांच्या खालून चालायला लागले. एक, दोन, तीन, चार. तिथं काटेरी झुडपांचं रान माजलं होतं. बाईंनी फावड्यानं झुडपं कापली, मुळं तोडली, वीतभर माती उकरली. फावडं खणकन वाजलं. मग ती खाली उकिडवी बसली आणि तळहातानं माती पुसायला लागली. दगडाच्या डोक्यावर खोल कोरलेली फुली होती. हद्दीच्या दगडावर असते तशी.

ती तिथंच बसून राहिली.

"बारा वर्षं सांगत होते," ती म्हणाली. ती मोजणीदारांशी बोलत नव्हती. "रोज संध्याकाळी इथं यायचे. चार पावलं मोजून दाखवायचे, जो भेटेल त्याला. बाजारात लोक चारपावले म्हणायला लागले त्यांना. या, चारपावले. बसा, चारपावले. मी पण हसायचे." फुलीतली माती नखानं काढत ती म्हणाली, "एकदा मला म्हणाले, टोक तू धरलं होतंस, तुला तरी आठवत असेल. मी म्हटलं, बाबा, सरकारी माणूस चुकेल का? आता गप्प बसा. त्यानंतर मला नाही काही म्हणाले ते."

मोजणीदारांनी आयुष्यात या प्रसंगाची शंभर वेळा कल्पना केली होती. त्या कल्पनेत लोक त्यांच्यावर ओरडायचे, जमीन परत मागायचे, कचेरीत खेचायचे. पोरीनं बापाला खोटं ठरवलं असेल, आणि ते आपल्यामुळं, हे काही त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, पण बायकोनं हळूच त्यांचा दंड दाबला.

फावड्याचा आवाज ऐकून बागेतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. डोक्यावर गवती हॅट, पंचाहत्तरीच्या पुढचे. बागवालेच होते ते. उकरलेला दगड, त्याच्यावरची फुली आणि शेजारी उभा असलेला मोजणीदार, तिन्हीकडं त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. त्यांना फारसं समजावून सांगावं लागलं नाही.

"मी कागदाला धरून राहिलो," ते म्हणाले. "कागद माझ्या बाजूचा होता ना."

"तुमची चूक नाही, काका," मोजणीदार म्हणाले.

"असं तुम्ही म्हणू नका. तो मला दर वर्षी फुलोऱ्याच्या दिवसांत म्हणायचा, तुझी झाडं माझ्या जमिनीवर उभी आहेत. मी म्हणायचो, कागद दाखव. एवढंच. बारा वर्षांत मी एकदाही त्याच्याबरोबर या काट्यांपर्यंत चालत आलो नाही. किती लांब होतं?" मग ते मुलीकडं वळले. "पोरी, तो गेला तेव्हा मी बांधावर उभा होतो. पुढं यायचा धीर झाला नाही."

"मला दिसला होतात," ती म्हणाली.

"ही झाडं काढायची का?"

तिनं मान वर करून रांगेकडं पाहिलं. मधमाश्यांचा आवाज इतका होता की बोलायला जरा वर सूर लावावा लागत होता.

"फुललेली झाडं कोण तोडतं? राहू देत. तुम्ही लावलीत, तुम्हीच खा. पण दगड दिसला पाहिजे. आणि कागदावर आलं पाहिजे. बाबांचं नाव घालून."

कागद तिथंच झाला. बाईंनी घरातून मेंढ्यांच्या नोंदींची वही आणली, तिची मधली दोन पानं फाडली, आणि मोजणीदार गाडीच्या बॉनेटवर अर्ज लिहायला लागले. खात्याच्या भाषेत त्यांचा हात बसलेला होता. 'सदर मोजणीच्या वेळी अनवधानाने चूक झाली असून' इथवर ते आले तेव्हा खांद्यावरून वाचणारी बायको म्हणाली, "थांबा. चूक अनवधानानं झाली, मान्य. लपवलीत ती काही अनवधानानं नाही. तेही लिहा."

"अगं, अर्जात तसं लिहायची पद्धत नसते."

"शिवणात एक टाका वाकडा गेला की आम्ही मुलींना सगळं उसवायला लावतो. अर्धं उसवून चालत नाही."

त्यांनी पेन क्षणभर वर धरलं. मग लिहिलं: 'ही चूक मला पाच महिन्यांनी समजली होती. मी ती जाणूनबुजून कळवली नाही. जमिनीचे तत्कालीन मालक यांनी जागेवरच हरकत घेतली होती, ती बरोबर होती.' 'मालक' या शब्दापुढं मेंढीवाल्यांचं पूर्ण नाव घातलं, मग खाली सही केली. बागवाल्यांनी सही केली, चष्मा घरी राहिला होता म्हणून जरा मोठी आली. मेंढीवाल्यांच्या मुलीनं अर्ज दोनदा वाचला, शेवटची ओळ तिसऱ्यांदा वाचली, आणि सही केली.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "आलेल्या माणसाला मी चहा विचारला नाही," ती म्हणाली. "मला आज ते जमणार नाही."

"नको विचारायला," मोजणीदार म्हणाले.

पुन्हा ते मोठ्या रस्त्याला लागले. दुपार कलायला आली होती, गव्हावर ऊन तिरपं पडलं होतं. डबा तसाच मागं होता. शेवटी बायकोनं एका झाडाखाली गाडी उभी केली, डबा उघडला, त्यांच्या हातात ब्रेड दिला. मग समोर बघत म्हणाली, "त्यानंतर एकोणतीस वर्षं एका घरात राहिलो आपण. मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू मला इथं घेऊन आली असतीस."

"आलेच असते."

"म्हणूनच."

तिला हसू आलं नाही, पण रागही धरता येईना. ती म्हणाली, "त्या बाईंचं मन कधीतरी निवळेल, म्हातारबुवांचंही निवळेल. माझं निवळायला वेळ लागेल. सांगून ठेवते." त्यांनी मान हलवली. अंडी सोलून त्यांनी आधी तिच्यापुढं ठेवली. ती तिनं खाल्ली, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

सहा आठवड्यांनी खात्यानं फेरमोजणी ठेवली आणि मोजणीदारांना हजर राहायला कळवलं. ते बसनं एकटेच गेले. बायकोनं सोडायला येते म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. फुलं केव्हाच गळून गेली होती, फांद्यांना बोराएवढी हिरवी फळं धरली होती. खात्यातून एक तरुण मुलगी आली होती, तिपाईवरचं यंत्र घेऊन. कोपऱ्यावर आल्यावर तिनं आधी मेंढीवाल्यांच्या मुलीला विचारलं, "तुमच्या घरात हा दगड कुणी कुणाला दाखवला होता?" आणि ती सांगेल ते सगळं नीट लिहून घेतलं. मोजणीदार लांबून ते ऐकत होते. यंत्र लावायच्या आधी माणसाला विचारायचं, ही गोष्ट चौतीस वर्षांत त्यांना कुणी शिकवली नव्हती, आणि ती शिकवावी लागते असंही नव्हतं. अंतर भरलं पावणेचार पावलं. बागवाले म्हणाले, "पाव पाऊल तो पुढं सरकवायचाच, सवयच होती त्याची," आणि मेंढीवाल्यांची मुलगी पहिल्यांदाच जराशी हसली.

खात्याचं पत्र महिन्याभरानं घरी आलं. सेवापुस्तकात ताशेरा नोंदवला आहे, असं त्यात कोरड्या भाषेत लिहिलं होतं. मोजणीदारांनी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विजेच्या बिलांबरोबर समोरच्या खणात ठेवून दिलं. तो खण उघडाच असायचा, कुणीही बघावं.

त्याच रविवारी मुलीचा फोन आला. आईनं तिला सगळं सांगितलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खरंच असं केलंत?"

"कसं? चुकलो ते, की जाऊन सांगितलं ते?"

मुलगी म्हणाली, "मला दोन्ही विचारायचंय."

"दोन्ही केलं," ते म्हणाले. "बस निवांत, सांगतो." आणि खुर्ची ओढून त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आभाळ भरून आलं होतं तिथपासून. बायको दुसऱ्या खोलीत शिवणयंत्रावर बसली होती. तिनं यंत्र थांबवलं.